अवेअर तर कुत्रंही असतं

आमच्या लाँड्रीत एका माणसाला सगळे 'सर' म्हणतात. मीही म्हणते, कारण नोकरी करायची आहे. पण हल्ली तो शब्द तोंडातून निघाला की नळाखाली जाऊन चूळ भरावीशी वाटते.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत, आमचे सुपरवायझर. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात. मागच्या दाराने मळके गठ्ठे आत येतात, पुढच्या दाराने घडी घातलेला पांढराशुभ्र माल बाहेर जातो, आणि मधल्या लांबलचक शेडमध्ये वाफेत शिजत आम्ही बायका उभ्या असतो. मी घडीच्या टेबलावर आहे. अंगावरचा एप्रन सकाळी घातला की अर्ध्या तासात पिळून काढावा असा होतो. अशा त्या शेडमध्ये सर मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून फिरायचे. एका खिशात पेन, दुसऱ्या खिशात खडू. खडू कशाला, ते सांगते.

सर पूर्वी खरंच एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. कायम नव्हते, बदली शिक्षक होते. एका मुलाला स्पेलिंग येईना म्हणून त्यांनी त्याला व्हरांड्यात हात वर करून उभं केलं आणि आठवलं की आत ये म्हणून सांगितलं. मग शाळा सुटली, सर घरी गेले. संध्याकाळी शिपाई कुलपं लावायला आला तेव्हा पोरगा तिथेच, हात वर, पाय ओले. सरांची शाळा तिथे संपली. ही गोष्ट मला सरांनी स्वतः सांगितली, आणि सांगून झाल्यावर वर म्हणाले, "पण दुसऱ्या दिवशी त्याला स्पेलिंग येत होतं." मी हसले होते तेव्हा. माणूस विक्षिप्त आहे, एवढंच वाटलं.

तर शाळा गेली तरी शाळेने सरांना सोडलं नाही. हजेरीच्या घड्याळाशेजारी त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक फळा लावला. त्याच्यावर रोज एक इंग्रजी शब्द. आम्ही कार्ड पंच करायचो, शब्द वाचायचो आणि विसरून जायचो. मग विमा कंपनीचं काहीतरी निघालं आणि वरून हुकूम आला, की पाळी सुरू होण्याआधी प्रत्येक कामगाराला यंत्रांच्या धोक्याची कल्पना द्यायची, आणि ती मिळाली असं त्याच्याकडून रोज वदवून घ्यायचं. मॅनेजरने ते काम सरांच्या गळ्यात घातलं. सरांच्या गळ्यात कुणी हार घातला असता तरी त्यांना एवढा आनंद झाला नसता.

ते दोन-चार दिवस घरी जाडजूड डिक्शनरी घेऊन बसले आणि एका सकाळी असे आले, की मिठाई वाटायची तेवढी बाकी होती. फळ्यावर वळणदार अक्षरात शब्द होता: कॉग्निझंट.

"लेडीज," सर म्हणाले. आम्हाला लेडीज म्हणणारे जगात ते एकटेच. "साध्या माणसाला एखादी गोष्ट माहीत असते. इंग्रजीत त्याला म्हणतात अवेअर. पण अवेअर तर कुत्रंही असतं! गाडी आली की बाजूला होतं. कॉग्निझंट फक्त माणूस असतो. समोर काय आहे, त्याचा अर्थ काय, त्यातून पुढे काय होणार, हे सगळं कळून, मान्य करून जो उभा राहतो तो कॉग्निझंट. कोर्टात वापरतात हा शब्द. मोठमोठ्या पत्रव्यवहारात वापरतात. मंडईत टोमॅटो घेताना वापरायचा नाही."

"मग आम्ही कुठे वापरायचा?" ड्रायरवालीने विचारलं.

"इथे. माझ्यासमोर. रोज."

त्या दिवसापासून आमची प्रार्थना सुरू झाली. सर फळ्यापुढे उभे राहून नियम म्हणायचे, आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही. चालू ड्रायरचं दार उघडायचं नाही. रोलरची दांडी बांधायची नाही. मग एक हात उंच करून विचारायचे, "आर यू कॉग्निझंट?" आणि आम्ही सगळ्या शेड दणाणून टाकायचो, "कॉग्निझंट!" पहिल्या दिवशी हसून हसून पोटात दुखलं. पुढे सवय झाली, आणि शब्द मंडईत जायचा तो गेलाच. चहा आला की चहावाला ओरडायचा, "कॉग्निझंट व्हा!" ड्रायरवाली म्हणायची, "माझा नवरा बाहेर कुणाकडे जातो त्याची मी कॉग्निझंट आहे. मला कळलंय, ह्याचा तो बिचारा अजून अवेअरसुद्धा नाही." सरांच्या कानावर हे गेलं की कपाळावर आठ्या चढायच्या, पण मनात लाडू फुटायचे. बायका शब्द बरोबर वापरत होत्या ना.

आता रोलरचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. रोलर म्हणजे आडवा पडलेला मोठा तापलेला लोखंडी दंडगोल. दोन बायका दोन टोकांना उभ्या राहून ओलसर चादर त्याच्या तोंडात सरकवतात, ती पलीकडून कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. तोंडाशी एक आडवी दांडी असते. बोट पुढे गेलं की दांडीला लागतं आणि रोलर जागच्या जागी थांबतो. पण बोट कुठलं आणि चादर कुठली, हे दांडीला कळत नाही. चादरीची जाड किनार लागली, एखादा अभ्रा गुंडाळून आला, की रोलर बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद. सकाळी हॉस्पिटलची गाडी दारात हॉर्न मारत उभी असताना हे कुणाला परवडणार? म्हणून जुन्या चादरीची एक पट्टी फाडून दांडी वर बांधून टाकायची. पहिल्यापासून हेच चालत आलं होतं. मॅनेजरला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, आणि सकाळी बांधायची नाही म्हणून सांगणारे सर तर ती पट्टी पँटच्या मागच्या खिशात घेऊनच फिरायचे. कुणी बाहेरचा माणूस तपासायला आला की सर दारातून जोरात खोकायचे. खोकला ऐकला की पट्टी सोडायची. तो गेला की बांधायची. आमच्यात एक-दोघींची गाठ कच्ची बसायची, म्हणून पुढे पुढे सर स्वतःच बांधायला लागले. छान फुलासारखी गाठ मारायचे. नीटनेटकेपणाची आवड होती त्यांना.

सरांची एक विधवा बहीण होती. नवरा गेल्यावर ती लहानग्या मुलीला घेऊन भावाच्या आसऱ्याला आली. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर माझ्याच चाळवजा इमारतीत, माझ्या खोलीला लागून. भिंती पातळ, त्यामुळे त्यांच्या घरात काय चालतं ते मला माझ्या घरातल्यापेक्षा जास्त कळायचं. सरांनी बहिणीला घरात घेतलं, भाचीला शाळेत घातलं, कधी हात उगारला नाही. हे मी मान्य करते. पण त्यांच्या जेवायच्या वेळी काय चालायचं, ते ऐका.

बहीण ताटं वाढायची. सर म्हणायचे, "सांगा, आजचा शब्द." पोरीने अर्थ सांगायचा, वाक्यात वापरून दाखवायचा, मगच ताटाला हात लावायचा. चुकली तर थांबायचं. सर आपले शांतपणे जेवायचे. बहीण घास तोंडाशी धरून पोरीकडे बघत बसायची. जेवण गार व्हायचं, आणि शेवटी ती चिमुरडी तारस्वरात उत्तर म्हणायची, एका दमात, नजर ताटावर. "करेक्ट!" सर म्हणायचे. तो शब्द भिंतीतून माझ्याकडे आला की मीसुद्धा माझ्या ताटाकडे वळायचे.

"अहो, आधी जेवू द्या ना लेकराला," मी एकदा दारातून म्हणाले.

"भूक असली की डोकं चालतं," सर म्हणाले. "भरल्या पोटी मी कधी कुणाला शिकताना पाहिलं नाही."

पोरगी मोठी झाली. हुशार होती, बोलण्यात तर अशी तरबेज की सरांची हुबेहूब नक्कल करून आम्हाला लोळवायची. पुढच्या शिक्षणाचा खर्च सरांना झेपेना, तेव्हा तिला लाँड्रीत चिकटवलं. कामावर 'मामा' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं, अशी तंबी देऊन. ती त्यांना सर म्हणायची आणि आम्ही सगळ्या तिला भाची म्हणायचो. जिचं तिच्याशी काही नातं नाही तीही म्हणायची, "भाची, जरा टोपली सरकव गं." मला ती मावशी म्हणायची. तिला रोलरवर दिलं, कारण तिचे हात चपळ होते.

त्या दिवशी सकाळपासून मॅनेजर सरांच्या मागे लागला होता. हॉस्पिटलच्या चादरी अडकल्या होत्या, गाडी दारात. प्रार्थना झाली, "कॉग्निझंट!" म्हणून झालं, आणि खडूचा हात पुसत सर तडक रोलरकडे आले. खिशातून पट्टी काढली, दांडी वर केली, फूल बांधलं. माझं टेबल समोरच. मी पाहिलं. भाचीनेही पाहिलं. ती म्हणाली, "सर, आताच तर तुम्ही म्हणालात बांधायची नाही."

"म्हणालो ना? मग लक्ष ठेवून काम कर," सर म्हणाले.

थोड्या वेळाने एका चादरीत एक अभ्रा गुंडाळून आला. दांडी मोकळी असती तर रोलर थांबला असता. भाचीने सवयीने अभ्रा ओढून काढायला हात पुढे घातला, आणि अभ्र्याबरोबर हात आत गेला. मनगटापर्यंत. ती ओरडली ते 'सर' म्हणून नाही. "मामा!" म्हणून ओरडली. पलीकडच्या बाईने लाल बटण दाबलं, पण तापलेल्या लोखंडातून हात सुटायला बटणापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या वेळात सर काय करत होते सांगू? ते पट्टी सोडत होते. गाठ घट्ट बसली होती म्हणून दातांनी सोडत होते.

हॉस्पिटलात जखम भरली. पण हात मिटत चालला. कातडी ओढली जाऊन बोटं तळव्याकडे वळायला लागली. डॉक्टरने बहिणीला स्वच्छ सांगितलं, की मांडीची कातडी काढून हातावर लावायची, दोन-तीन ऑपरेशनं करायची, आणि ती लवकर करायची. केली तर हात उघडेल. नाही केली तर मूठ कायमची. उजवा हात होता. तो खर्च आमच्यासारख्यांच्या सात पिढ्यांना पेलणारा नव्हता. कंपनी करेल का, हा एकच प्रश्न उरला.

कंपनीने चौकशी बसवली. बाहेरून एक साहेब आणला. कंपनीचं म्हणणं अगदी सरळ होतं. धोका काय आहे हे मुलीला समजावलेलं नसेल, तर चूक आमची, उपचार आमचे. पण धोका पुरता समजलेला असूनही बांधलेल्या दांडीपुढे ती उभी राहिली असेल, तर तिने काम नाकारायला हवं होतं, निष्काळजीपणा तिचा. म्हणजे पोरीचा हात आता एकाच गोष्टीवर उघडणार किंवा मिटणार होता, की तो रोज ओरडायचा शब्द तिला कळत होता का नाही.

मी त्यांच्या घरी गेले. बहीण भावाच्या पायाशी बसली होती. "दादा, तुम्ही फक्त एवढं म्हणा, की तिला अर्थ कळत नव्हता. सगळ्या ओरडायच्या म्हणून तीही ओरडायची. एवढंच. मी जन्मात दुसरं काही मागणार नाही."

सरांनी तिला दंडाला धरून उठवलं. मग म्हणाले, "मी तिचा मामा आहे. मला काय हात नकोय का तिचा?"

बहिणीने पदराने डोळे पुसले. मलाही त्या क्षणी सरांबद्दल बरं वाटलं. मी भाचीला म्हणाले, "तुला विचारलं तर सांग, अर्थ माहीत नाही. बास."

"मावशी, मला तर झोपेत उठवून विचारलं तरी येतो," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगतेय. येत नाही म्हण."

चौकशी आमच्या जेवणाच्या खोलीत झाली. टेबलावर चादर अंथरली होती, आमच्याच घडीची. एका बाजूला साहेब आणि मॅनेजर, समोर आम्ही. बहिणीला आत घेतलं नाही, ती कामगार नव्हती ना. साहेब तरुण होता, इंग्रजी त्याच्या तोंडात पाण्यासारखं वाहत होतं. सर आल्यापासून त्याच्या ओठांकडे बघत होते, भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसे.

आधी मला विचारलं. मी सांगितलं, दांडी सरांनी बांधली, माझ्या डोळ्यांदेखत.

"तुम्ही पाहिलंत, मग थांबवलं का नाही?" साहेब म्हणाला.

"थांबवायचा अधिकार असता तर मी घड्या कशाला घालत बसले असते, साहेब?"

मॅनेजर खाली मान घालून हसला. साहेबाने ते काही लिहून घेतलं नाही. सरांना विचारलं तेव्हा सरांनी कबूल केलं, हो, दांडी मी बांधली, काम अडलं होतं. मॅनेजरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग साहेबाने भाचीला विचारलं, "रोज सकाळी तुम्ही जो शब्द म्हणायचात, त्याचा अर्थ काय?"

भाची हात मांडीवर घेऊन बसली होती. पांढऱ्या बँडेजचा बोळा. "माहीत नाही," ती म्हणाली. "सगळ्या म्हणायच्या म्हणून मी म्हणायचे."

मला हायसं वाटलं. साहेब मॅनेजरकडे वळला आणि खांदे उडवून म्हणाला, "वाटलंच होतं मला. एवढा अवघड शब्द ह्या बायकांना कुठून कळणार? पोपटपंची आहे सगळी." मग सरांकडे बघून, अगदी गोड हसून, "तुम्हीही उगाच कष्ट घेतलेत हो. तुम्हाला तरी त्याचा नेमका वापर माहीत होता का?"

इथे सरांनी फक्त मान हलवायची होती. नाही कळत साहेब, पोपटपंचीच आहे, असं म्हणायचं होतं, की सगळं झालं असतं. चौकशी संपली असती, पोरगी ऑपरेशनला गेली असती. मी सरांकडे बघत होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. ते उभे राहिले. गळ्याचं बटण चाचपलं.

"साहेब," ते म्हणाले, "अवेअर आणि कॉग्निझंट यांत फरक आहे. अवेअर म्हणजे नुसती जाणीव. कॉग्निझंट हा औपचारिक शब्द आहे. त्याच्यानंतर 'ऑफ' येतं. तो घरगुती बोलण्यात वापरत नाहीत, जिथे माणसाच्या कळण्यावर त्याची जबाबदारी ठरते तिथे वापरतात. आणि हे मी एकेकीला शिकवलंय. ही तर माझ्या घरात वाढलेली आहे. हिला पोपट म्हणू नका."

"सर," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "सर, बसा खाली."

ते ऐकणाऱ्यातले नव्हते. ते भाचीकडे वळले आणि जेवायच्या वेळचा तो आवाज काढला. तोच, जो मी भिंतीतून ऐकत आले होते.

"सांगा. आजचा शब्द."

भाचीने वर पाहिलं नाही. तिची नजर टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर होती, जशी ताटावर असायची. मी बघत होते, तिचे ओठ घट्ट होते, आणि तरी ते हलायला लागले. तिने डाव्या हाताने तोंड दाबलं. लहानपणापासून त्या आवाजानंतर उत्तर दिल्याशिवाय तिला अन्न मिळालेलं नव्हतं. हात खाली आला आणि ती तारस्वरात, एका दमात, म्हणाली:

"कॉग्निझंट, म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं, तिचा अर्थ कळणं, आणि तिचा परिणाम समजून ती मान्य करणं. वाक्य. दांडी बांधलेली आहे, ती मामांनी बांधली आहे, आणि हात आत गेला तर जळेल, ह्याची मी कॉग्निझंट होते."

"करेक्ट!" सर म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले होते. साहेबाकडे बघून ते असे उभे होते, जणू वर्गातला पोरगा जिल्ह्यात पहिला आलाय. साहेबाने पेनाचं टोपण काढलं. "वाक्य पुन्हा सांगाल का?" त्याने भाचीला विचारलं. तिने पुन्हा डाव्या हाताने तोंड दाबलं. तर सरांनीच सांगितलं, शब्द न् शब्द, सावकाश, लिहून घेता येईल असं.

घरी जाताना भाची माझा दंड धरून चालत होती. सर आमच्या पुढे, ताठ. मी त्यांच्या पाठीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बहीण दारातच उभी होती. तिने आधी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, कारण भाऊ हसत होता.

"काय झालं, दादा?"

"अगं, काय उत्तर दिलं पोरीने!" सर म्हणाले. "तो एवढा इंग्रजी बोलणारा माणूस, बघत राहिला. एक शब्द चुकली नाही."

"म्हणजे झालं ना काम? हात होणार ना तिचा?"

सरांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि हात धुवायला आत गेले. बहीण माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. ती बाई रडली नाही की ओरडली नाही. आत गेली, तीन ताटं घेतली आणि वाढायला लागली. घर भावाचं होतं, जाणार कुठे? तिने पोरीला जवळ बसवून घास भरवला. त्या दिवशी कुणी शब्द विचारला नाही. भिंतीतून मला फक्त सरांच्या जेवणाचा आवाज येत होता.

ऑपरेशन झालं नाही. हात मिटला. आता ती मूठ आहे, लहान आणि चकचकीत, बोटं कुठे संपतात आणि तळवा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. सरांना दांडी बांधल्याबद्दल समज दिली गेली, आणि पुढच्याच महिन्यात त्यांची प्रार्थना कंपनीच्या बाकीच्या लाँड्र्यांतही सुरू करण्यात आली. तिकडेही फळे लागले.

आणि सरांनी भाचीला पुन्हा कामावर लावलं. हे ते सगळ्यांना सांगतात, की मी मॅनेजरकडे शब्द टाकला, पोरीला उघड्यावर पडू दिलं नाही. काम सोपं आहे. रोज सकाळी फळ्याशेजारी उभं राहायचं. सर नियम म्हणतात, आणि "रोलरची दांडी बांधायची नाही" ह्या नियमापाशी आले की तिने उजवा हात वर करायचा, आम्हा सगळ्यांना दिसेल असा, आणि सर थांब म्हणेपर्यंत वर ठेवायचा. मग दिवसभर दारात बसून आले-गेले गठ्ठे मोजायचे. नक्कल ती आता कुणाचीच करत नाही. सरांना ती घरीही सर म्हणते. सरांना ते आवडतं.

परवा एक नवी मुलगी रोलरवर आली. कोवळी, टपोऱ्या डोळ्यांची. प्रार्थना संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तो शब्द मला काही कळला नाही. काय अर्थ त्याचा?"

फळ्याशेजारी भाची अजून हात वर करून उभी होती. सर थांब म्हणायला विसरले होते. ते रोलरपाशी होते, खिशातून पट्टी काढत.

"नाही कळला ना?" मी म्हणाले. "आयुष्यात कधी कळून घेऊ नकोस. कुणी विचारलं तर आज सांगितलंस तेच सांग."

ती बावचळून हसली आणि कामावर गेली. सरांनी गाठ मारून झाल्यावर तिला जवळ बोलावलं. वाफेतून मला त्यांचा आवाज नीट येत होता. "लाजायचं काय त्यात? नाही कळलं तर मला विचारायचं," ते म्हणाले. "हे बघ, अवेअर तर कुत्रंही असतं."